आता तुमच्याने सोसवणार नाही

वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू आपल्या शिष्यांशी जे दीर्घ बोलला, ते योहानाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात, नोंदवून ठेवले आहे. त्या बोलण्याच्या शेवटाकडे एक वाक्य येते आणि तिथे मी दर वेळी थबकतो. मला अजून पुष्कळ काही सांगायचे आहे, पण आता ते तुमच्याने सोसवणार नाही, असे तो त्यांना म्हणतो (योहान १६:१२). निरोपाची वेळ आहे, हाताशी काही तासच उरले आहेत, समोर बसलेली माणसे त्याच्याबरोबर गावोगाव हिंडलेली आहेत, आणि तरीही गुरू काही गोष्टी राखून ठेवतो. आपला स्वभाव याच्या नेमका उलट आहे. कायमचे जाताना आपण राहिलेले सगळे एका दमात सांगून टाकू पाहतो, ऐकणाऱ्याला ते झेपेल की नाही याचा विचार त्या घाईत मागे पडतो. येशूला मात्र न सांगितलेल्या गोष्टींची चिंता वाटत नाही, कारण सत्याचा आत्मा येईल आणि तो तुम्हांला सर्व सत्यात नेईल, असे तो लगेच पुढच्याच वचनात सांगतो. सत्यापर्यंत आपण चालत जायचे आहे आणि कोणीतरी आपला हात धरून आपल्याला नेणार आहे, ही कल्पना त्यात गृहीत आहे.

पण मग त्या रात्री शिष्यांपाशी नेमके काय कमी होते? बुद्धी कमी होती म्हणावे, तर त्याच बुद्धीच्या माणसांनी पुढे मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, उभी केली. माहिती कमी होती असेही म्हणता येत नाही, कारण आपण धरले जाऊ, मारले जाऊ आणि तीन दिवसांनी पुन्हा उठू हे येशूने त्यांना आधीच, कोणताही आडपडदा न ठेवता, तीनदा सांगितले होते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांत हे तीन प्रसंग येतात, आणि प्रत्येक प्रसंगानंतर शिष्यांनी काय केले तेही मार्क लिहून ठेवतो. पहिल्या वेळी पेत्र हा शिष्य येशूला बाजूला घेऊन त्याचा निषेध करू लागतो. दुसऱ्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर वाटेत त्यांचा वाद रंगतो. तिसऱ्या वेळी याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे गौरवाच्या दिवशी उजवी आणि डावी बाजू आपल्यासाठी राखून मागतात. यातला दुसरा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तिथे मार्काने एक बारीक गोष्ट टिपली आहे: त्यांना ते बोलणे समजले नाही, आणि त्याला विचारायला ते भ्याले (मार्क ९:३२). जे मुळीच समजलेले नसते त्याविषयी विचारायला माणूस सहसा भीत नाही. उत्तर काय येईल याचा अंदाज ज्याला थोडासा आलेला असतो, तोच प्रश्न गिळून टाकतो. शिष्यांच्या न समजण्यात नको असण्याचा मोठा अंश मिसळलेला होता, असा माझा या वचनाचा अर्थ आहे.

याच तीन अध्यायांच्या दोन टोकांना मार्काने आंधळ्यांना दृष्टी मिळाल्याच्या दोन कथा ठेवल्या आहेत आणि त्यांची जागा योगायोगाने ठरली असेल असे मला वाटत नाही. पहिली बेथसैदाची (मार्क ८:२२-२६). ही कथा इतर कोणत्याही शुभवर्तमानात नाही, आणि दोन टप्प्यांत झालेले बरे होणेही फक्त इथेच आहे. येशू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर थुंकी लावून हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसते काय? माणूस मान वर करून सांगतो की मला माणसे दिसतात, पण ती चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. या उत्तरातला प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. समोर साक्षात प्रभू उभा आहे, त्याने नुकताच हात ठेवला आहे. अशा वेळी ‘दिसते, सगळे स्पष्ट दिसते’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह किती मोठा असेल! हा मनुष्य जेवढे दिसते तेवढेच सांगतो. त्यानंतर येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो आणि मग त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागते. पहिल्या वेळी सामर्थ्य अपुरे पडले असे मार्क कुठेही सुचवत नाही. तो लगेच पुढच्या प्रसंगात फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर पेत्राचा कबुलीजबाब देतो. तू ख्रिस्त आहेस, असे पेत्र म्हणतो, आणि त्यानंतर थोड्याच ओळींत ख्रिस्ताने दुःख सोसायचे आहे हे ऐकून तो येशूला अडवतो. पेत्राला दिसू लागले आहे, पण अजून झाडे चालताना दिसत आहेत.

दुसरी कथा यरीहोच्या रस्त्यावरच्या बार्तीमयाची (मार्क १०:४६-५२). ती वाचताना आधीच्या प्रसंगाचे पान उलटून पाहावे. याकोब आणि योहान मागणी घेऊन आले तेव्हा येशूने त्यांना विचारले होते की मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे. बार्तीमयालाही तो अगदी हाच प्रश्न विचारतो. ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांनी आसने मागितली, आणि जो आंधळा आहे त्याने दृष्टी मागितली. बार्तीमयाला ती एकाच वेळी मिळते आणि तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो. ती वाट यरुशलेमकडे, म्हणजे वधस्तंभाकडे जाणारी आहे, हे वाचकाला ठाऊक असते. आपल्याला दिसत नाही याची ज्याला पुरती जाणीव आहे, त्याची तयारी बारा शिष्यांच्या पुढे गेलेली होती, हे मार्काला सांगायचे असावे.

आत्मिक तयारी म्हटली की आपल्याकडे बहुधा दोन गोष्टी समजल्या जातात. एक तर पुष्कळ वाचन, पाठांतर, शास्त्राचा अभ्यास. नाहीतर नुसते थांबणे, म्हणजे योग्य वेळ आली की देव आपोआप उलगडा करील या भरवशावर राहणे. अभ्यासाला माझा विरोध असण्याचे कारण नाही, माझा बराच वेळ त्यातच जातो. तरीही शुभवर्तमान तयारीची जी खूण देते ती या दोन्हींहून वेगळी आहे. मंदिरात शिकवताना येशूने सांगितले की जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करायची मनीषा बाळगील, त्याला ही शिकवण देवापासून आहे की नाही हे कळून येईल (योहान ७:१७). म्हणजे आधी करण्याची इच्छा, मग कळणे. आपण नेहमी मागतो तो क्रम याच्या उलट असतो: आधी मला पुरते पटू दे, मग मी करायचे की नाही ते ठरवीन.

सुरुवातीच्या शतकांतल्या मंडळीने हा क्रम किती गांभीर्याने घेतला होता, हे बाप्तिस्म्याच्या (पाण्याने मंडळीत प्रवेश देण्याच्या विधीच्या) उमेदवारांविषयीच्या जुन्या नोंदींवरून दिसते. रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमग्रंथात उमेदवाराने तीन वर्षे वचन ऐकावे असे म्हटले आहे. त्याला जोडूनच असेही सांगितले आहे की एखादा उत्सुक असेल आणि नेटाने टिकून राहत असेल, तर काळाचा हिशोब न करता त्याच्या वागणुकीवरून निर्णय करावा. आणि बाप्तिस्म्याची वेळ जवळ आल्यावर चौकशी कशाची होत असे? त्याने विधवांचा मान राखला काय, आजाऱ्यांच्या भेटी घेतल्या काय, सत्कृत्ये केली काय. त्याला त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीची) व्याख्या सांगता येते काय, हा प्रश्न त्या चौकशीत नाही. ज्याच्या हातून ही कामे झाली, त्याने शुभवर्तमान ऐकावे, असा त्या नियमाचा पुढचा भाग आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीत पाठ्यपुस्तक संपवण्याची घाई करणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी हा भाग सावकाश वाचायला हवा.

चौथ्या शतकाच्या शेवटी, सुमारे ३८१ ते ३८४ या काळात, एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमला राहिली होती. तिने मागे आपल्या भगिनींना लिहून कळवलेला वृत्तांत आज उपलब्ध आहे, आणि त्यात हीच गोष्ट अधिक जवळून पाहायला मिळते. उपवासकाळाच्या सुरुवातीला उमेदवारांची नावे लिहून घेतली जात, आणि मग एकेकाला बिशपसमोर आणले जाई. बिशप उमेदवाराच्या शेजाऱ्यांना विचारत: याचे वागणे चांगले आहे ना? आईवडिलांचा मान राखतो ना? दारूच्या आहारी गेलेला नाही ना? दोष आढळला तर आधी सुधारावे आणि मग बाप्तिस्म्याला यावे, असे सांगून त्याला परत पाठवले जाई. नाव पक्के झालेल्यांना चाळीस दिवस रोज सकाळी तीन तास शिक्षण मिळे. त्याची सुरुवात उत्पत्तीपासून होई, आधी शास्त्राचा शब्दशः अर्थ आणि मग आत्मिक अर्थ. पाच आठवडे उलटल्यावर विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाच्या कबुलीचे ठरलेले शब्द, दिला जाई. सिरिल हे तेव्हा यरुशलेमचे बिशप होते. त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी, सुमारे ३५० मध्ये दिलेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी उमेदवारांना सांगितले होते की विश्वासांगीकार कागदावर लिहून घेऊ नका, तो अंतःकरणावर कोरून ठेवा.

या वृत्तांतात मला सर्वांत नवल वाटते ते यापुढचे आहे. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) यांचा पूर्ण अर्थ आधी सांगितला जात नसे. पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) बाप्तिस्मा झाल्यावर, त्यानंतरच्या आठवड्यात बिशप या गोष्टी उलगडून सांगत. म्हणजे माणूस पाण्यात उतरून बाहेर आलेला असे, प्रभुभोजनात सहभागी झालेला असे, आणि आपल्या बाबतीत काय घडले ते त्याला मागाहून कळे. त्या वेळी ऐकणाऱ्यांचा आनंदाचा गजर इतका मोठा होई की मंदिराबाहेरही ऐकू जाई, असे एजेरियाने लिहिले आहे. आधी शिकवले असते तर तेच शब्द त्यांनी माना डोलावत ऐकून घेतले असते. अनुभव पदरी असल्यावर ते शब्द त्यांच्याच जीवनाचा अर्थ सांगू लागले, म्हणून तो गजर झाला.

शिकवणीच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो. निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ३२५ मध्ये जो विश्वासांगीकार सिद्ध केला, त्यात पुत्राविषयी सविस्तर विधाने आहेत, पण पवित्र आत्म्याविषयी ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच म्हटले आहे. आत्मा हा प्रभू व जीवनदाता आहे आणि पिता व पुत्र यांच्यासह त्याची आराधना होते, हे शब्द ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या विश्वासांगीकारात येतात. मधली छपन्न वर्षे मंडळी आत्म्याला ओळखत नव्हती काय? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा तर ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या काळापासून देत आली होती. त्याच शतकातले बिशप, कैसरियाचे बासिल, यांच्यावर जेव्हा आक्षेप आले, तेव्हा ते उपासनेतल्या स्तुतिवचनाच्या शब्दरचनेवरून आले होते, आणि त्यांनी उत्तरादाखल जो ग्रंथ लिहिला त्याची सुरुवातही तिथूनच होते. बासिल यांचे समकालीन नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी तर असे प्रतिपादन केले की जुन्या कराराने पित्याला उघड आणि पुत्राला अंधुक दाखवले, नव्या कराराने पुत्राला उघड केले आणि आत्म्याची चाहूल दिली, आणि आता आत्मा आपल्यामध्ये वास करून स्वतःला अधिक स्पष्ट करत आहे. माणसाला पेलवेल अशा बेताने प्रकाश वाढत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. तीन नावांनी प्रार्थना करणारी मंडळी प्रार्थनेत जे करत होती, ते शब्दांत मांडायला तिला तीन शतकांहून अधिक काळ लागला.

इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण या विचाराचा गैरवापर फार सोपा आहे. ‘तुझी अजून तयारी झालेली नाही’ हे वाक्य अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी कितीदा वापरले जाते, हे मंडळीत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असेल. दुसऱ्या शतकात ज्ञेयवादी पंथांचे म्हणणेच असे होते की येशूने खरी शिकवण काही निवडक, परिपूर्ण लोकांना गुपचूप दिली. बिशप इरेनियस यांनी १८० च्या सुमारास त्याला सविस्तर उत्तर दिले: प्रेषितांनी जे शिकवले ते उघडपणे शिकवले आणि ते सर्व मंडळ्यांत सारखेच आहे. येशूनेही महायाजकापुढे हेच सांगितले होते, की मी जगासमोर उघड बोललो, गुप्तपणे काही बोललो नाही. क्रमाक्रमाने कळणारे सत्य आणि वरच्या पायरीवरच्यांसाठी राखून ठेवलेले गुपित, या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. ख्रिस्ती विश्वासात शेवटचे पानही पहिल्या दिवसापासून सर्वांच्या हाती असते. प्रभूची प्रार्थना लहान मुलालाही पाठ असते. वाढते ती आपली पेलण्याची ताकद.

प्रभूच्या प्रार्थनेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात एक वयस्कर मावशी येतात. बैठकीच्या शेवटी आम्ही सर्व जण मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यांच्या शेजारी बसू लागल्यावर माझ्या लक्षात आले की ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे शब्द आले की मावशींचा आवाज बंद होतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होतो. पुष्कळ दिवस असेच चालले. कोणी विचारले नाही, आणि तेच बरे झाले. पुढे त्यांनी आपणहून सांगितले की सख्ख्या बहिणीशी त्यांचे बोलणे तुटलेले आहे, आणि जे आपण केलेले नाही ते देवासमोर ‘केले आहे’ म्हणून सांगायला जीभ वळत नाही. आम्ही बाकीचे ती ओळ बिनदिक्कत म्हणत होतो. मावशींना तिचा अर्थ आमच्यापेक्षा खोलवर कळलेला होता, म्हणूनच त्या गप्प राहत होत्या. गप्प राहण्याच्या त्या काळात त्यांनी बहिणीला आधी एक फोन केला, मग सणाला भेटायला गेल्या, आणि सगळे अजून सरळ झालेले नाही असे त्या स्वतःच सांगतात. ती ओळ आता म्हणतात, पण हळू आवाजात. एवढ्या काळात क्षमेवर मी गटात जे काही बोललो असेन, त्याचा त्यांना काही उपयोग झाला असेल असे मला वाटत नाही.

जे तोंडाने म्हटले ते आयुष्यात उतरायला किती वेळ लागतो, याचे नव्या करारातले मोठे उदाहरण पेत्राचे आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे आत्मा उतरला त्याच दिवशी, हे वचन तुम्हांला, तुमच्या मुलाबाळांना आणि दूर असलेल्या सर्वांना दिलेले आहे, असे तो गर्दीला सांगतो (प्रेषितांची कृत्ये २:३९). ‘दूर असलेले सर्व’ म्हणजे कोण, हे मात्र त्याला पुढे यापोच्या एका घराच्या धाब्यावर शिकावे लागले. शिमोन नावाच्या चांभाराचे ते घर. भूक लागलेली, दुपारची वेळ, आणि आकाशातून खाली येणारे चार कोपऱ्यांचे मोठे कापड. त्यात शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी. मारून खा, असा आवाज येतो आणि पेत्र नाही म्हणतो. हे तीनदा होते. दृष्टान्ताचा अर्थ काय असावा या विचारात तो अजून गुंतलेला असतानाच कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने पाठवलेली माणसे खाली दारात येऊन उभी राहतात. त्यांच्याबरोबर तो कैसरियाला जातो, विदेश्याच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसाच्या, घरात पाऊल टाकतो, आणि तिथे उभा राहून म्हणतो की देव पक्षपाती नाही हे मला आता खरोखर कळून आले आहे. अर्थ कळला तो धाब्यावर नव्हे, उंबरठा ओलांडल्यावर. जे वाक्य त्याने स्वतः यरुशलेममध्ये उच्चारले होते, ते त्याच्या हातापायांत उतरायला एवढा प्रवास लागला.

आणि तरीही ते पुरते उतरले नव्हते. अंत्युखिया शहरात तो विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब (हा जब्दीचा मुलगा नव्हे) याच्याकडून काही जण आले तेव्हा सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहुदी विश्वासणाऱ्यांच्या, भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला (गलतीकरांस पत्र, २:११-१४). पौलाच्या रागाचे कारण पेत्राचे अज्ञान हे नव्हते, कारण पेत्राला या बाबतीत यापोपासून सगळे ठाऊक होते. ठाऊक असलेल्या सत्यापासून तो मागे सरकला, यावर पौलाने बोट ठेवले. आकलन वाढत जाते तसे ते मागेही जाऊ शकते. क्रमाक्रमाने समजण्याविषयी लिहिणारे आपण बहुतेक जण ही बाजू सोयीस्करपणे सोडून देतो.

व्यक्तीचे जे होते तेच मंडळीचेही होते, आणि तिथे शतकेच्या शतके जातात. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल फिलेमोनाचा दास अनेसिम याला परत पाठवताना सांगतो की त्याला यापुढे दास म्हणून नव्हे, तर दासापेक्षा अधिक, म्हणजे प्रिय बंधू म्हणून स्वीकार. हे पत्र मंडळीने जपले, पवित्र शास्त्रात घेतले, उपासनेत वाचले. त्याच मंडळीतल्या धन्यांच्या घरी दास राबत राहिले. निसाचे ग्रेगरी यांनी चौथ्या शतकात उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना विचारले होते की देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार. पण हा आवाज बराच काळ एकाकी राहिला. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे चौघा जणांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीपुढे गुलामगिरीविरुद्ध निवेदन मांडले. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपणही त्यांच्याशी वागावे, या येशूच्या नियमावर त्यांनी आपला सगळा युक्तिवाद उभा केला होता. ते निवेदन मासिक सभेकडून त्रैमासिक सभेकडे आणि तिथून वार्षिक सभेकडे गेले, आणि अशा विषयावर इथे निश्चित निर्णय देणे योग्य होणार नाही म्हणून बाजूला ठेवले गेले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली. या काळात शास्त्रातले एकही अक्षर बदलले नव्हते.

‘तेव्हा लोकांची तयारी नव्हती’ असे म्हणून हा इतिहास गुंडाळता येतो, आणि पुष्कळदा तसा तो गुंडाळलाही जातो. मला ते मान्य नाही. शिष्यांना त्या रात्री सोसवणार नव्हते, कारण जे सांगायचे होते ते वधस्तंभ आणि पुनरुत्थान घडल्यावाचून कळण्यासारखेच नव्हते. जर्मनटाउनच्या निवेदनाला उत्तर द्यायला अशा कोणत्याही घटनेची वाट पाहायची राहिलेली नव्हती. तिथे जे आड आले ते शेतांवरच्या फुकट मजुरीचे हितसंबंध होते. सदोदित शिकत असूनही सत्याच्या ज्ञानापर्यंत कधी न पोहोचणाऱ्यांविषयी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात जे म्हटले आहे, ते अशाच शिकण्याविषयी आहे. तयारी नसणे आणि तयारी टाळणे बाहेरून सारखेच दिसते. त्यांतला फरक ओळखायचा एकच उपाय मला ठाऊक आहे: जेवढे आतापर्यंत कळले आहे, तेवढे करायला सुरुवात झाली आहे का ते पाहणे.

दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हा निवाडा करायला आपण फार उतावळे असतो. तिथे अपुल्लोसाची गोष्ट उपयोगी पडते (प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८). आलेक्सांद्रियाचा हा विद्वान वक्ता शास्त्रात निपुण होता, येशूविषयी नीट शिकवतही होता, पण त्याला बाप्तिस्मा ठाऊक होता तो फक्त योहानाचा, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, शिष्य योहानाचा नव्हे. इफिसच्या सभास्थानात त्याचे बोलणे प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी ऐकले. भर सभेत उभे राहून त्याची चूक दाखवणे त्यांना सहज शक्य होते, आणि आपल्या बैठकांत बहुधा तेच घडते. त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून दिला. तंबू शिवून पोट भरणाऱ्या दांपत्याकडून शिकायला त्या पंडिताला कमीपणा वाटला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. पुढे त्याला अखयाला जायचे होते तेव्हा बंधुजनांनी त्याला उत्तेजन दिले आणि तिथल्या शिष्यांना पत्र लिहिले की याचा स्वीकार करा.

आमच्या गटात कोणताही प्रश्न अकाली मानायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. प्रश्नाला जमेल तेवढे उत्तर द्यायचे. नाही जमले तर तो एका वहीत लिहून ठेवायचा. आणि वाचलेल्या भागात जे आधीच स्वच्छ कळले आहे त्यातले या आठवड्यात काय करता येईल, एवढे विचारून बैठक संपवायची. त्या वहीतले काही प्रश्न विचारणाऱ्यांनीच मागाहून खोडले आहेत. काहींच्या खाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात उत्तर आलेले आहे. फिलेमोनाच्या पत्राच्या सोळाव्या वचनावरचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करायची आहे.